मॉडवर वॅट आणि तापमान बसवताना : आधी थंड कॉइलचा ओहम

भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात आणि विक्री बंद आहे. त्यामुळे ही माहिती ब्रिटनसारख्या देशात राहणाऱ्या, सिगारेट सोडून वेपवर आलेल्या प्रौढांसाठी आहे. जे ओढतच नाहीत त्यांनी निकोटीनच्या वाटेला जाऊ नये.

मॉड म्हणजे वेपचा बॅटरी आणि सर्किट असलेला भाग, आणि कॉइल म्हणजे टँकमधलं लिक्विड तापवून वाफ करणारी तार. मॉडच्या मेनूत पर्याय कितीही असोत, तापमानाचं सगळं गणित एका आकड्यावर उभं असतं : थंड कॉइलचा रेझिस्टन्स (ओहममध्ये). तो तापल्यावर किती वाढला यावरून मॉड तापमान ओळखतो. तो चुकला तर पुढचं सगळं चुकतं. म्हणून नवी कॉइल लावली की तिच्यातल्या कापसावर लिक्विडचे चार-पाच थेंब सोडा, टँक भरा आणि दहा मिनिटं हात लावू नका. टँक खोलीच्या तापमानाला आला की मगच मॉडवर घट्ट बसवा, स्क्रीनवरचा ओहम वाचा आणि तो लॉक करा.

साध्या वॅट मोडमध्ये कॉइलवर छापलेली मर्यादा पाळा. ५० ते ६० वॅट लिहिलं असेल तर ५०वर सुरू करा, पाच-सहा झुरके घ्या, मग दोन-दोन वॅट वाढवा. घशाला कोरडं, जळकं लागलं की लगेच थांबा. कापूस लिक्विड ओढतो त्यापेक्षा कॉइल ते वेगाने उडवते आहे, एवढाच त्याचा अर्थ. व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन) जास्त असलेलं लिक्विड दाट असतं, कापसात हळू चढतं. तिथे वॅट कमीच ठेवा. एकदा कापूस करपला की ती चव जात नाही, कॉइल बदलावीच लागते.

क्लॅप्टनसारखी (तारेवर तार गुंडाळलेली) जाड कॉइल तापायला वेळ घेते. तिच्यासाठी प्रीहीट किंवा पॉवर कर्व्ह (झुरक्यात वेळेनुसार वॅट बदलणारी सेटिंग) वापरा : पहिलं अर्धं सेकंद ५५ वॅट, नंतर ४५. बारीक, साध्या तारेच्या कॉइलला याची गरज नाही. तिथे प्रीहीट लावलं तर पहिलाच झुरका करपतो.

तापमान मोड कँथल या मिश्रधातूच्या तारेवर चालत नाही, कारण तापल्यावर कँथलचा रेझिस्टन्स जवळपास बदलतच नाही. एसएस३१६ स्टीलची कॉइल घ्या आणि टीसीआर, म्हणजे दर अंशाला रेझिस्टन्स किती पटीने वाढतो तो आकडा, ०.०००९२ भरा (बऱ्याच मॉडवर नुसतं ९२). आता हिशेब बघा. २० अंश सेल्सिअसला ०.४० ओहम असलेली कॉइल २२० अंशाला साधारण ०.४७ होते. दोनशे अंशांसाठी फरक फक्त ०.०७ ओहमचा! समजा, नुकतीच ओढून झालेली, ६० अंशाची कॉइल तुम्ही थंड समजून लॉक केलीत. मॉड २२० दाखवेल, पण कॉइल प्रत्यक्षात सुमारे २६७वर जाईल. सुरुवात २०० अंशांपासून करा आणि पाच-पाच अंशांनीच वर जा. निकेल आणि टायटॅनियमच्या तारा नवख्यांनी टाळाव्यात. त्या कोरड्या लाल करून साफ करणं तर मुळीच नको.

सेलची मर्यादा वेगळी मोजावी लागते. सर्किट असलेल्या मॉडमध्ये सेलमधून किती करंट जातो हे कॉइलच्या ओहमवर नाही, वॅटवर ठरतं. वॅटला ३.२ व्होल्टने (सेल उतरत आल्यावरचा व्होल्टेज) भागा, मग पुन्हा ०.९ने (सर्किटची कार्यक्षमता). ५५ वॅटला १९ अँपियर येतात, ६०ला जवळपास २१. म्हणजे सतत २० अँपियर देणारा एकच १८६५० सेल (या मापाचा लिथियम-आयन सेल) असेल तर ५५च्या वर जाऊ नका, आणि कर्व्हचा सगळ्यात उंच आकडाही याच हिशेबात धरा. दोन सेलच्या मॉडमध्ये भार अर्धा-अर्धा होतो, पण जोडी एकाच मेकची, एकाच दिवशी सुरू केलेली आणि नेहमी एकत्र चार्ज केलेली हवी. सेलचं प्लास्टिक वेष्टन फाटलं असेल तर तो मॉडमध्ये घालूच नका.

सुरुवातीलाच स्क्रीनवर तापमान मर्यादा लुकलुकते आणि वाफ नावापुरती येते, तेव्हा बहुतेकदा कॉइलचा स्क्रू सैल झालेला असतो. जोड ढिला पडून वरच्या ०.४० ओहमच्या कॉइलचा रेझिस्टन्स ०.०२ ओहमने वाढला, तरी मॉडला कॉइल ५४ अंश जास्त तापल्यासारखी वाटते आणि तो पॉवर तोडतो. टँक काढा, स्क्रू आवळा, मधली पिन आणि आटे कोरड्या कापसाने पुसा, सगळं थंड होऊ द्या आणि ओहम नव्याने लॉक करा.