इंग्रजीची उजळणी करायचीय? काळांचा तक्ता आधी भिंतीवरून काढा

सांगलीच्या विश्रामबागेत मी संध्याकाळी मोठ्या माणसांची इंग्रजीची शिकवणी घेते. कुपवाड एमआयडीसीतले सुपरवायझर, हळदीच्या पेढीवरचे हिशेबनीस, परदेशी निघालेल्या नर्सेस. दहावीपर्यंतचं व्याकरण सगळ्यांचं झालेलं असतं. आणि प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेलं असतं की बारा काळ पाठ कर, रोज वीस शब्द घोक. यातलं काहीही करू नका.

पहिल्या दिवशी, काल काय काय केलं ते दहा वाक्यांत लिहा. मोबाइल लांब ठेवा. ज्याला येतं त्याच्याकडून तपासून घ्या आणि जे चुकलं तेवढंच उजळा.

अ आणि ॲनला एक संध्याकाळ पुरते. स्पेलिंग बघू नका, उच्चार ऐका: ॲन अवर, अ युनिव्हर्सिटी.

आता 'हॅव'. गाडी अडते ती इथंच. मराठीत "मी कालच आलोय" बिनदिक्कत चालतं, म्हणून तोंडातून "आय हॅव कम यस्टर्डे" निसटतं. इंग्रजीत काल, गेल्या वर्षी, २०१९ मध्ये अशी संपलेली वेळ वाक्यात आली की हॅवला जागा नाही. आपल्या पुराचंच बघा. "द कृष्णा फ्लडेड इन २०१९." साल सांगितलं, साधा भूतकाळ. "द कृष्णा हॅज फ्लडेड मेनी टाइम्स." इथं आजवरचा हिशोब आहे, कधी ते सांगितलेलं नाही, म्हणून हॅज. इर्विन पुलावरून पाणी चढलेलं दिसतंय, तर "द वॉटर हॅज रिझन". (नदीच्या नावाआधी 'द' लागतोच, तेही लगे हात लिहून ठेवा.)

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुण्यात एका मुलाखतीत मी म्हटलं, "आय हॅव पास्ड बी.कॉम. इन २००४." साहेबांनी विचारलं, "व्हेन डिड यू पास?" मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. तेच वाक्य मी आणखी दोनदा, दर वेळी जरा मोठ्यानं म्हटलं. नोकरी मिळाली नाही हे सांगायला नकोच.

हॅवचा जोडीदार म्हणजे 'पासून'. "मी पाच वर्षांपासून सांगलीत राहतोय" याचं हमखास होतं "आय ॲम लिव्हिंग इन सांगली सिन्स फाइव्ह इयर्स". एका वाक्यात दोन चुका. हवं ते असं: "आय हॅव लिव्ह्ड इन सांगली फॉर फाइव्ह इयर्स." सिन्स की फॉर, यासाठी माझी एक युक्ती आहे. "मला इथं राहून … झाली" यात शब्द घालून बघा. 'पाच वर्षं झाली' बसतं, तिथं फॉर. 'सोमवार झाला', 'दिवाळी झाली' असलं काही बसत नाही, तिथं सिन्स. पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा ही लवकर मुरते.

आठवडाभर एवढंच करा. रोज स्वतःच्या घरातली पाच वाक्यं, मोठ्यानं. पॅसिव्ह व्हॉइस कुठं पळून जात नाही.

शब्दांसाठी वहीच्या एका पानावर एकच मराठी क्रियापद घ्या. 'लावणे' घ्या: दार क्लोज, दिवा स्विच ऑन, मलम अप्लाय, गजर सेट, झाड प्लँट. "ओपन द लाइट" म्हणणाऱ्या माणसाला शब्द कमी पडलेले नसतात, त्यानं हे पान लिहिलेलं नसतं. पुढचं पान 'काढणे'चं: चप्पल टेक ऑफ, चित्र ड्रॉ, बँकेतले पैसे विथड्रॉ, आणि म्हशीची धार काढायची तर नुसतं मिल्क.

'लागणे' मात्र शेवटी ठेवा. भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, घराला आग लागते, मुलाला वळण लागतं, वर आपल्याकडं उसाची लागण, म्हणजे लागवड, आहेच. माझी त्याची दोन पानं भरलीत, तिसरं चालू आहे.