लेबलमुळे अडकलेली आयात वाईन अशी सोडवली

बंदरावर पेट्या अडकल्या, कारण बाटल्यांवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआय (देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांक नव्हता. उपाय सोपा: माल कस्टम्सच्या बॉन्डेड गोदामात (जिथे सीमाशुल्क भरण्याआधी माल ठेवता येतो) ठेवून, परवानगी घेऊन, सहज निघणार नाहीत असे स्टिकर लावले. मूळ मजकूर अजिबात झाकू नका. बॅच क्रमांक मात्र स्टिकरने भागत नाही, तो उत्पादकाकडूनच छापून यायला हवा. म्हणून माल जहाजावर चढण्याआधी लेबलचा फोटो मागवाच.

बॉन्डेड गोदामाचा मोठा फायदा रोख पैशाचा. व्यापार कराराची सवलत नसेल तर १,००० रुपयांच्या वाईनवर १५० टक्क्यांनी १,५०० रुपये सीमाशुल्क. पण बाहेर काढाल तेवढ्याच पेट्यांचं भरायचं. दारू जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे महाराष्ट्रात व्हॅट, राज्य उत्पादन शुल्काचा परवाना आणि लेबलमंजुरी वेगळी.