दमट उन्हाळ्यात गाय उलटू नये म्हणून: गोव्यातल्या गोठ्यासाठी माज आणि रेतनाची आखणी

लडाखसारख्या उंच पठारावर याकची मादी बहुधा जुलै ते सप्टेंबरात माजावर येते (नर घ्यायला तयार होते), साडेआठ महिने गाभण राहते आणि नवं गवत फुटायच्या सुमारास विते. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशच असतो. त्या विरळ हवेत, त्या थंडीत वासरू जगायचं तर वेत मोसमातच पडायला हवं, आणि ते गणित जनावराच्या अंगातच आहे. आपल्याकडची संकरित गाय मात्र बारा महिने, साधारण दर 21 दिवसांनी माजावर येते, मे महिन्यातही. म्हणून इथे रेतनाचा, म्हणजे कृत्रिमरीत्या वीर्य भरण्याचा, मोसम गाईच्या मालकाने ठरवायचा असतो. नाहीतर गाय उलटते, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येते.

गोव्यात अडचण ऑक्सिजनची नाही, घामाची आहे. हवेत आधीच इतकी वाफ असते की अंगावरचा घाम सुकत नाही, आणि सुकला नाही की गाय थंड होत नाही. 32 अंश तापमान आणि 70 टक्के आर्द्रता धरली तर तापमान-आर्द्रता निर्देशांक 84च्या घरात जातो. दुभत्या गाईला 72च्या पुढेच ताण सुरू होतो. याचा पहिला फटका दुधाला दिसतो, पण गर्भधारणेचं नुकसान त्याहून खोल असतं.

आधी महिना निवडा

गाय सुमारे 280 दिवस गाभण राहते. डिसेंबर ते फेब्रुवारीत फळलेली (गाभण राहिलेली) गाय सप्टेंबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत विते. व्याल्यावर 60 दिवस गर्भाशय सावरायला द्यावे लागतात. म्हणजे ऑक्टोबरात व्यालेल्या गाईचं पुढचं रेतन पुन्हा डिसेंबरच्या गार रात्रींत येतं. एकदा हे चक्र बसलं की दरवर्षी तेच सोयीचं पडत जातं. उलट एप्रिल-मेमधली रेतनं वाया जाण्याची शक्यता मोठी असते. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात तापलेल्या अंडाशयातली बीजं पुढे दीड-दोन महिने कमजोर राहतात, त्यामुळे पाऊस लागून हवा गार झाली तरी जून-जुलैत गाई उलटतच राहतात. अशा वेळी लगेच रेतनाला किंवा वळूला दोष देऊ नये.

सगळ्या गाई एकाच हंगामात आणणं डेअरीला रोज दूध घालणाऱ्याला परवडत नाही, हे खरं. मग निदान जास्त दुधाच्या गाई हिवाळ्यात ठेवाव्यात आणि उन्हाळ्यातली रेतनं काटक, कमी दुधाच्या गाईंवर करावीत. श्वेतकपिला ही आपली पांढरीशुभ्र गावठी गाय इथल्या हवेला सरावलेली आहे. देशी वंशाच्या गाईंच्या अंगात तयार होणारी उष्णता कमी, केस आखूड, आणि त्यांचा कोवळा गर्भही उष्णता जास्त सोसतो. म्हणून संकरित गाईत विदेशी रक्ताचा वाटा निम्म्याच्या फार वर नेऊ नये, आणि श्वेतकपिलेला तिच्याच जातीच्या वळूची रेतमात्रा (वीर्याची मात्रा) मिळत असेल तर तीच भरावी. ही जात संकरात हरवू नये असं मनापासून वाटतं.

मग गोठा

गाय तापली आहे का हे कळायला यंत्र लागत नाही. दुपारी दोनच्या सुमारास ती उभी असताना भकाळीची (बरगड्यांमागच्या खोलगट भागाची) हालचाल, म्हणजे तिचे श्वास, पूर्ण एक मिनिट मोजा. 60च्या वर गेली तर तिला ताण आहे. तोंड उघडं, लाळ गळते, पाण्याच्या टाकीभोवती घोटाळते, ही पुढची पायरी.

पत्र्याचा गोठा असेल तर पत्र्यावर चुना मारावा आणि वर माडाच्या झावळ्यांचा जाड थर टाकावा. बाजूच्या चिऱ्यांच्या भिंती कमरेएवढ्याच ठेवाव्यात, वारा आरपार जायला हवा. इथे एक चूक फार होते: कोरड्या प्रदेशातलं पाहून फॉगर बसवले जातात. आपल्या दमट हवेत ते बारीक तुषार आर्द्रता अजून वाढवतात आणि केसांच्या टोकांवर बसून राहतात, कातडी कोरडीच. आपल्याला मोठे थेंब लागतात. साध्या शॉवरने मिनिट-दोन मिनिटं पाठ कातडीपर्यंत भिजवावी, मग पंखा थेट अंगावर, आणि दर पंधरा मिनिटांनी हेच परत. पाणी कासेवर ओघळेपर्यंत सोडू नये, कासदाहाला (कासेच्या सुजेला) निमंत्रण मिळतं. पंखा नसेल तर नुसतं भिजवण्याचा उपयोग थोडाच.

पिण्याचं पाणी दिवसभर, सावलीत. उन्हाळ्यात दुभत्या गाईला 60 ते 100 लिटर लागतं. खुराकाचा मोठा भाग रात्री आणि पहाटे द्यावा, त्यात रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण.

माज पकडणं

उन्हाळ्यात माज आखूड होतो आणि बहुधा रात्री येतो, म्हणून दिवसा पाहणाऱ्याला तो दिसतच नाही. पहाटे पाचला, दुपारी एकदा आणि रात्री दहाला वीस-वीस मिनिटं गाई पाहाव्यात. दावणीला बांधलेली, सिमेंटवर पाय घसरणारी गाय दुसरीवर चढत नाही, त्यामुळे गाईंना निदान सकाळ-संध्याकाळ मातीवर मोकळं सोडावं. दुसरी गाय अंगावर चढली तरी जी निमूट उभी राहते, ती माजावर आहे. चढणारी गाय माजावर आहे असं धरू नये. काचेसारखा पारदर्शक, तार धरणारा बळस (योनीतून येणारा चिकट स्राव) ही पक्की खूण. बळस गढूळ किंवा पूमिश्रित असेल तर रेतन करू नये, आधी डॉक्टरांना दाखवावं.

शेपटीवर रक्ताचा डाग दिसला तर माज होऊन एक-दोन दिवस गेले आहेत असं समजा. तारीख लिहून ठेवा आणि 17व्या दिवसापासून पुन्हा लक्ष ठेवा.

म्हशीचा माज बहुतेकदा मुका, म्हणजे बाहेरून फारशी लक्षणं न दाखवणारा, असतो आणि तिचा मोसम सप्टेंबर ते फेब्रुवारी. रात्रीची फेरी तिच्यासाठी तर चुकवूच नये.

रेतनाचा दिवस

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन. माज संपल्यावर दहा-बारा तासांनी बीज सुटतं, म्हणून हा नियम.

रेतनाची कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी, पाव मिलिलिटरची असते आणि उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून बाहेर येते. ती 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद धरायची, थर्मामीटर लावूनच. हातात चोळून किंवा नळाच्या पाण्यात धरून ती सावकाश वितळली तर बर्फाचे स्फटिक शुक्रजंतू फाडतात. नंतर कांडी पूर्ण पुसून कोरडी करावी, कारण पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्रजंतू फुगून मरतात. पंधरा मिनिटांच्या आत, ग्रीवा (गर्भाशयाची मान) ओलांडून लगेच गर्भाशयाच्या सुरुवातीला मात्रा सोडायची. हे सगळं सावलीत. थर्मामीटर मागण्यात संकोच करू नये, पैसे आणि 21 दिवस तुमचे जात असतात.

गाईला रेतनासाठी उन्हातून चालवत नेऊ नये. त्या दिवशी गर्भाशयाचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी फळण्याचं प्रमाण घसरतं. पहिल्या एक-दोन दिवसांचा गर्भ उष्णतेपुढे अगदी दुबळा असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तो बराच तग धरतो. सगळ्या गाईंना दिवसभर गार ठेवणं जमत नसेल, तर गोठ्यातला एकमेव पंखा आणि शॉवर रेतनाच्या आदल्या दिवसापासून पुढचे तीन दिवस त्याच गाईला द्यावा. खर्च कमी, परिणाम मोठा.

पुढे

18व्या ते 24व्या दिवसापर्यंत माजाची फेरी चालू ठेवा. माज न दिसणं म्हणजे गाभण असणं नव्हे, उन्हाळ्यात तर नाहीच, तेव्हा 60 ते 90 दिवसांत तपासणी करून घ्या. लागोपाठ तीन वेळा उलटली तर चौथी कांडी भरण्याआधी गर्भाशयाची तपासणी करावी. डॉक्टर येतील तेव्हा वही हाताशी ठेवा: व्याल्याची तारीख, जार (वार) वेळेवर पडली होती का, प्रत्येक माजाची तारीख आणि वेळ, बळस कसा होता, आणि रेतनाच्या दिवशी दुपारी श्वास किती मोजला होता.