माया लोकांची तारीख स्वतः कशी वाचायची (आणि अझ्टेक तारखेत कुठे फसायला होतं)

म्युझियममध्ये किंवा फोटोत मेसोअमेरिकेचा (म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जुन्या संस्कृतींचा) कोरीव दगड दिसला की आपण चित्र बघतो आणि पुढे जातो. पण त्यातल्या तारखा वाचायला एक संध्याकाळ पुरते, खरंच, कागद-पेन आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर एवढंच लागतं.

आधी आकडे. एक टिंब म्हणजे १, एक आडवी दांडी म्हणजे ५, आणि शिंपल्यासारखं चिन्ह म्हणजे शून्य. तीन दांड्या आणि तीन टिंबं असली की १८. बस, एवढंच. काही वेळा आकड्याच्या जागी देवाचा चेहरा कोरलेला असतो, ते सुरुवातीला सोडून द्या, टिंब-दांडीवाले दगडच घ्या.

आता दीर्घगणना, म्हणजे एका ठरलेल्या दिवसापासून कोरलेल्या तारखेपर्यंत किती दिवस झाले त्याची मोजणी. माया शिलालेखात बहुतेक वेळा सुरुवातीला एक मोठं चिन्ह असतं आणि त्याच्यापुढे पाच आकडे येतात. माया मजकूर दोन-दोन स्तंभांच्या जोडीत वाचायचा, डावं मग उजवं, मग खालची ओळ. पाच आकडे क्रमाने बाकतुन (१,४४,००० दिवस), कातुन (७,२००), तुन (३६०), विनाल (२०) आणि किन (१). सगळीकडे वीसपट आहे, फक्त विनालवरून तुनवर जाताना अठरापट, कारण त्यांना वर्षाच्या जवळचा आकडा हवा होता. नवीन माणूस हमखास इथेच चुकतो आणि तुनचे ४०० दिवस धरतो.

उदाहरण घेऊ. पालेंके या मेक्सिकोतल्या माया शहराचा राजा पाकाल वारला तो दिवस अभ्यासक ९.१२.११.५.१८ असा लिहितात. गुणून बेरीज केली की १३,८६,४७८ दिवस. त्याला ३६५.२४२५ ने भागा, ३७९६ वर्षं आणि वर थोडे दिवस येतात. मोजणीची सुरुवात आपल्या कॅलेंडरने ११ ऑगस्ट इ.स.पू. ३११४, आणि मध्ये शून्य वर्ष नसतं म्हणून ३७९६ मधून ३११३ वजा करायचे, उत्तर इ.स. ६८३, ऑगस्टचा शेवट.

पण इथे थांबू नका, खरी मजा पुढे आहे. या मोजणीच्या जोडीला २६० दिवसांचं पवित्र चक्र चालायचं, १ ते १३ आकडे आणि २० दिवसनावं एकत्र फिरत. सुरुवातीचा दिवस होता ४ अहाव. म्हणजे एकूण दिवसांना १३ ने भागून उरलेली बाकी ४ मध्ये मिळवायची (१३ च्या वर गेलं तर १३ वजा), आणि २० ने भागून उरलेल्या बाकीइतकी नावं अहावच्या पुढे मोजायची. पाकालच्या दिवसासाठी ६ एत्झनाब येतं आणि त्याच्या शवपेटीवर तेच कोरलंय! दोन वेगवेगळ्या गणना एकमेकींना तपासतात, म्हणून दगड फुटला तरी तारीख वाचवता येते.

याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण माया लोकांचं नाहीच, ते आहे मेक्सिकोच्या वेराक्रूझ राज्यातल्या त्रेस झापोतेस या ठिकाणचं. १९३९ मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञ मॅथ्यू स्टर्लिंगच्या मोहिमेत तिथे एक तुटका दगड सापडला, सगळ्यात वरचा आकडा गायब, खाली १६.६.१६.१८ आणि दिवस ६ एत्झनाब. त्याची बायको मॅरियन स्टर्लिंगने हिशेब केला की गायब आकडा ७ असणार. करून बघा, एक बाकतुन वाढवला की दिवसाचा आकडा एकने कमी होतो, त्यामुळे ६ हा आकडा फक्त ७ व्या बाकतुनलाच जुळतो. म्हणजे तारीख इ.स.पू. ३२. बऱ्याच अभ्यासकांना पटलं नाही, माया दगडांपेक्षा इतकी जुनी तारीख कशी असेल म्हणून, पण तीसेक वर्षांनी वरचा तुकडा मिळाला आणि त्यावर ७ च होते.

झापोतेक लोकांकडे, म्हणजे दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या माँते आल्बान या जुन्या शहरात, टिंब-दांडी तशीच पण दीर्घगणना शोधू नका. तिथे २६० दिवसांचं चक्र, ज्याला ते पीये म्हणायचे, आणि त्याचे ६५-६५ दिवसांचे चार भाग. दिवसाचं चिन्ह माणसाचं नावही असू शकतं, कारण जन्मदिवसावरून नाव ठेवायची पद्धत होती, म्हणून चिन्ह दिसलं की लगेच तारीख समजू नका.

अझ्टेक तारखेत दांडी सहसा नसतेच, १३ पर्यंत नुसती टिंबं मोजायची. वर्षाचं चिन्ह बहुतेक वेळा चौकटीत असतं आणि नावं चारच, वेत, गारगोटी, घर, ससा, याच क्रमाने, आकडा दर वर्षी एकने पुढे. खुणेसाठी १५१९ लक्षात ठेवा, १ वेत, स्पॅनिश सेनानी कोर्तेस मेक्सिकोत आला ते वर्ष. मग १५२० म्हणजे २ गारगोटी आणि अझ्टेक राजधानी तेनोच्तित्लान पडलं ते १५२१ म्हणजे ३ घर. फसायला होतं ते हे, की ५२ वर्षांनी तेच नाव परत येतं, म्हणून ३ घर म्हणजे १४६९ पण असू शकतं. दगड कुठे सापडला, बाजूला कोणता राजा आहे, हे बघूनच ठरवायचं. १७९० मध्ये मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात सापडलेल्या सूर्यशिळेवर वरच्या बाजूला चौकटीत १३ वेत आहे, ते बहुतेक जण १४७९ धरतात, १५१९ मधून ४० वजा करून स्वतः पडताळा.

आणि २१ डिसेंबर २०१२ ला जग संपणार असं माया लोकांनी लिहिलंय, असं कोणी अजूनही म्हणालं तर त्यांना पालेंकेचा शिलालेख सांगा. त्या दिवशी फक्त १३ बाकतुन पुरे होत होते, आणि पालेंकेला पाकालच्या राज्यारोहणाशी जोडलेली पुढची तारीख कोरून ठेवली आहे ती येते इ.स. ४७७२ मध्ये.