हीटमॅप शिकताय? रंगांच्या आधी स्केल बघा

डेटा अॅनालिसिसमध्ये नवीन आलेल्यांना हीटमॅपचा, म्हणजे आकड्यांच्या जागी रंग भरलेल्या तक्त्याचा, कोड पटकन जमतो, पायथनमध्ये सीबॉर्न ही चार्टची लायब्ररी घेतली तर एका ओळीत चार्ट येतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि कोर्समध्ये ते फारसं कोणी शिकवत नाही, म्हणून लिहितोय.

प्रॅक्टिसला आपल्याकडचाच डेटा घ्या, महाराष्ट्राचे ३६ जिल्हे आणि १२ महिने, प्रत्येक चौकटीत त्या महिन्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये. पांडाज या डेटा हाताळायच्या लायब्ररीत पिव्होट टेबल (एका बाजूला जिल्हे, दुसऱ्या बाजूला महिने असा तक्ता) केलं की महिने इंग्रजी एबीसीडीप्रमाणे लागतात, एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर असे, मग पावसाळा चार्टभर विखुरतो आणि काहीच कळत नाही. महिन्यांचा क्रम कॅटेगोरिकल (ठरवून दिलेल्या क्रमाचा डेटा प्रकार) करून स्वतः द्यायचा. जिल्हेही तसेच, अहिल्यानगरपासून यवतमाळपर्यंत न लावता विभागाप्रमाणे लावा, कोकण, नाशिक, पुणे असे, म्हणजे मराठवाडा एका पट्ट्यात दिसतो. माझ्या मते निम्मा हीटमॅप या क्रमातच असतो.

आता स्केल, म्हणजे कोणत्या आकड्याला कोणता रंग. रत्नागिरीचा जुलै हजार मिलिमीटरच्या आसपास जातो, सोलापूरचा त्याच्या पाव भागही नसतो. सगळ्यांना एकच स्केल दिलं की कोकण गडद आणि बाकी राज्य फिकट, सोलापूरचा जुलै आणि जानेवारी जवळपास एकाच रंगाचे! व्हीमॅक्स, म्हणजे ज्या आकड्याला रंगपट संपतो तो, कमी करता येतो, किंवा रोबस्ट ट्रू केलं तर सीबॉर्न २ ते ९८ पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांचे थोडे आकडे सोडून, स्केल बसवतं. लॉग स्केलही (१, १०, १०० अशा पटींचं) चालतं पण शून्य पावसाची चौकट त्यात रिकामी दिसते आणि बघणाऱ्याला वाटतं डेटाच नाहीये, तेव्हा तिथे राखाडी रंग देऊन खाली ‘राखाडी म्हणजे शून्य पाऊस’ असं लिहा.

आकडे दाखवायला अॅनॉट लावलंत तर फॉरमॅटही द्या, नाहीतर ११२३ चं १.१ई+०३ होतं आणि साहेब विचारतात हे काय. ३६ जिल्ह्यांना मात्र आकडे नकोच, ४३२ चौकटी होतात, डोळे दुखतात.

रंगांचं थोडक्यात. सीबॉर्न ज्यावर चालतं त्या मॅटप्लॉटलिबचा जुना डिफॉल्ट रंगपट जेट (निळा ते लाल) होता, २०१७ मध्ये २.० व्हर्जनला विरिडिस (जांभळा ते पिवळा) आला, कारण जेटमध्ये पिवळा पट्टा उगाच चमकतो आणि डेटात नसलेल्या कडा दिसतात. लाल-हिरवी जोडी टाळाच, बऱ्याच पुरुषांना त्यातला फरक दिसत नाही, मीटिंगमध्ये असं कोणीतरी असतंच आणि ते बोलून दाखवत नाही.

जिल्ह्यांची नावं मराठीत हवी असतील तर मॅटप्लॉटलिबच्या डिफॉल्ट फॉन्टमध्ये चौकोन येतात. देवनागरी फॉन्ट दिला तरी मी वापरलेल्या व्हर्जन्समध्ये वेलांटी आणि जोडाक्षरं तुटायची, रत्नागिरीतली ‘गि’ धड उमटायची नाही. मी असे चार्ट प्लॉटली या दुसऱ्या लायब्ररीत करतो, तिथे अक्षरं ब्राउझर काढतो त्यामुळे नीट येतात.

आणि पोर्टफोलिओत ठेवायचा असेल तर नुसता पाऊस नका दाखवू, सरासरीपेक्षा किती टक्के कमी-जास्त ते दाखवा, इंटरव्ह्यूला बोलायला भरपूर मिळतं. त्याला मध्यबिंदू असलेला रंगपट लागतो, सेंटर शून्यावर, तपकिरी ते हिरवट-निळा असा बीआरबीजी मला आवडतो, कोरडं आणि ओलं लगेच कळतं. हवामान विभागाच्या पायऱ्याच वापरा: उणे १९ ते अधिक १९ टक्के म्हणजे सरासरीइतका, त्याखाली उणे ५९ पर्यंत अपुरा, त्याहून कमी म्हणजे खूपच अपुरा, वरच्या बाजूलाही तसंच. मॅटप्लॉटलिबच्या बाउंड्रीनॉर्मला या सीमा दिल्या की रंग पायऱ्यांनी बदलतात आणि शेती बघणाऱ्या माणसाला चार्ट समजावून सांगावा लागत नाही. फक्त हा चार्ट जून ते सप्टेंबरचाच करा, जानेवारीची सरासरी जिथे एक मिलिमीटर आहे तिथे पाच मिलिमीटर पडला तरी अधिक ४०० टक्के येतो आणि सगळ्यात ओला महिना तोच दिसतो.