परराष्ट्र धोरण समजून घ्यायचंय? आधी मंत्रालयाचा जमाखर्च वाचा

बडोद्याच्या दांडिया बाजारातली कॉलेजची पोरं विचारतात, "काका, परराष्ट्र धोरणावर काय वाचू?" बहुतेकांच्या फोनमध्ये जाडजूड पुस्तकांची यादी आधीच तयार असते. ती तूर्त राहू द्या. मतं पारखायला हाताशी काही नसेल, तर शेवटी वाचलेलं पुस्तकच खरं वाटतं.

नकाशा आणि रोजचा पेपर गृहीत धरतो. संयुक्त राष्ट्रांची सनद एकदा चाळा. घाई असेल तर निदान कलम 27, म्हणजे सुरक्षा परिषदेतल्या व्हेटोचं (नकाराधिकाराचं) मूळ कळेल.

आता अर्थसंकल्प. भाषणात वेळ घालवू नका. खर्चाच्या कागदांत परराष्ट्र मंत्रालयाची अनुदान मागणी, म्हणजे संसदेकडे मागितलेल्या पैशांचा तपशील, काढा. इंग्रजी-हिंदीत फुकट मिळते. कुठल्या देशाला किती मदत, हे तिथे ओळीने दिलेलं असतं. खरी मेख रकान्यांत आहे: सरून गेलेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, त्यापुढच्या वर्षाचा मूळ अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि नव्या वर्षाचा अंदाज. शिवाय प्रत्येकात महसुली, भांडवली, एकूण. सुरुवातीला फक्त 'एकूण' बघा, नाहीतर डोळे फिरतात.

माल्दीवची ओळ घ्या. जुलै 2024 च्या पूर्ण अर्थसंकल्पात 2024-25 ची मदत 770 कोटींवरून 400 कोटींवर आली म्हणून गाजावाजा झाला. पण 770 हा 2023-24 चा सुधारित आकडा. त्या वर्षाचा मूळ अंदाजही 400 कोटीच होता. म्हणजे काहीच कापलं नाही? तसंही नाही. फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम (निवडणुकीआधीच्या तात्पुरत्या) अर्थसंकल्पात त्याच 2024-25 साठी 600 कोटी धरले होते. एकाच ओळीतून 'कपात' आणि 'जैसे थे' दोन्ही निघतात. टीव्हीवरचे पंडित सोयीचं तेवढं उचलतात. म्हणून अंदाजाशी अंदाज ताडा, खर्चाशी खर्च. सुधारित आकड्याशी नवा अंदाज ताडणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. आणि निकाल लगेच देऊ नका: 2024-25 चा प्रत्यक्ष खर्च 2026-27 च्या कागदांत येतो.

मग संसदेच्या परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीचा त्याच मागण्यांवरचा अहवाल वाचा. मंत्रालयाला विचारलेले प्रश्न आणि त्यांची गुळमुळीत उत्तरं, दोन्ही त्यात सापडतात.

पुस्तकं यानंतर. मांडवीजवळच्या, सयाजीरावांच्या सेंट्रल लायब्ररीतून एकाच प्रश्नावर एकमेकांशी भांडणारी दोन आणा. आकडा दिसला की तो कुठल्या रकान्यातला, ते टिपून ठेवा. स्वतःच्या वहीत, लायब्ररीच्या पुस्तकात नव्हे.