व्होल्ट आणि अँपिअरवरून ओहम-वॅट कसे काढावेत

हिशेब शाळेतलाच आहे. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम मिळतात, गुणलं की वॅट. यातला भागाकार ओहमसाहेबांनी १८२७ सालीच छापून ठेवलाय. तरीही लोक त्रिकोण काढून त्यात अक्षरं बसवतात आणि ‘बोट ठेवा, उत्तर मिळेल’ असं शिकवतात. मी वीसेक वर्षं वायरमनचं काम करतोय. भागाकार चुकलेला माणूस मला क्वचितच भेटला, आकडे चुकीचे घेतलेले मात्र रोज भेटतात.

मीटर धड असावा, हात नि जमीन कोरडी असावी आणि सवय नसेल तर चालू लाइनला हात लावू नये, एवढं गृहीत धरतो.

आधी अँपिअर. क्लॅम्प मीटरचा चिमटा एकाच तारेभोवती घाला. फेज-न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडल्यात तर मीटर शून्य दाखवणार, कारण जाणारा करंट आणि येणारा करंट एकमेकांना खाऊन टाकतात. तारा सुट्या ठेवलेली हातभर जोडवायर मी पिशवीत कायम बाळगतो. मिलिअँपिअर असतील तर आधी हजाराने भागा.

आता व्होल्ट. इथे मी स्वतः सपशेल आपटलोय.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, घरापासून पन्नास मीटर लांब न्हाणी. काकींची तक्रार, “रॉड नवा घेतला रे, तरी बादली तापता तापत नाही.” (रॉड प्लास्टिकच्या बादलीत होता म्हणून मी आत गेलो. पाणी तापवायच्या तांब्याच्या भाणात रॉड सोडणाऱ्यांशी मी वाद घालत बसत नाही, आधी स्विच बंद करतो.) रॉडवर छापलेलं होतं १५०० वॅट, २३० व्होल्ट. चिमटा लावला, ५.६ अँपिअर. मी शहाण्याने २३० ला ५.६ ने भागलं, ४१ ओहम. छापील आकड्यांवरून यायला हवेत २३० गुणिले २३० भागिले १५००, म्हणजे ३५.३ ओहम. “काकी, रॉडच बोगस आहे,” असं ठोकून दिलं. बिचाऱ्यांनी दुसरा रॉड आणवला. तोही ५.६ अँपिअर!

तेव्हा लाज वाटून मीटर प्लगवर लावला. रॉड बंद असताना २१८ व्होल्ट. रॉड चालू केला आणि आकडा डोळ्यांदेखत १९६ वर बसला. १९६ भागिले ५.६, बरोबर ३५ ओहम. रॉड निर्दोष होता. वॅट मात्र १९६ गुणिले ५.६ म्हणजे जेमतेम १०९८. मग बादली कशी तापणार?

उरलेले २२ व्होल्ट कुठे गेले? चतुर्थीत अंगणात दिवे सोडायला आणलेली बारीक वायर न्हाणीपर्यंत ओढली होती, तिच्यात. २२ गुणिले ५.६, सुमारे १२३ वॅट ती वायरच खात होती. उरलेली वायर वेटोळं करून खिळ्याला टांगली होती. त्याला हात लावला तर चांगलंच गरम. अडीच चौरस मिलिमीटरची जाड वायर टाकल्यावर रॉडवर २१३ व्होल्ट आणि ६.१ अँपिअर, म्हणजे १३०० वॅट.

म्हणून माझा हट्ट असा, की दोन्ही आकडे एकाच वेळी, वस्तू चालू असताना आणि त्याच वस्तूच्या टोकांवर घ्यायचे. वस्तूवर छापलेले व्होल्ट घेऊ नका, बोर्डावरचेही नकोत. ‘आपल्याकडे २३० असतातच’ म्हणणाऱ्याला जूनच्या पहिल्या पावसात संध्याकाळी गावात बोलवा. दुसरी गोष्ट, अँपिअर मोजायला मल्टिमीटर वापरलात तर काम झाल्याबरोबर लाल पिन दहा अँपिअरच्या भोकातून काढा. ती तशीच ठेवून व्होल्ट तपासायला गेलात की थेट शॉर्ट. माझा एक मीटर असाच गेला.

पुढचा हिशेब मोबाइलवर करा.

ओहम थेट मीटरनेच का मोजू नयेत, असं विचारतात. लाइन बंद करून, वस्तू सुटी काढून रॉडचे मोजा, जवळपास तेच येतील. जुन्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बचे मोजाल तर फसाल. जळताना त्याचे ५२९ ओहम असतात, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी.

पंप, पंखा, फ्रिज यांना हा हिशेब लावू नका. मोटरचे व्होल्ट-अँपिअर गुणून येतात ते खरे वॅट नव्हेत, त्यात पॉवर फॅक्टर येतो, म्हणजे त्या गुणाकारातले खरे वॅट किती हिस्सा, तो आकडा. २३० व्होल्टवर ६ अँपिअर घेणाऱ्या पंपाचा गुणाकार १३८०, पण पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर खरे वॅट ११०४. तो घरबसल्या कळत नाही. त्यापेक्षा बाकी सगळं बंद करून एकटा पंप चालवा आणि विजेच्या मीटरवरचा लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट, म्हणजे युनिटला ३२०० लुकलुकी, लिहिलं असेल आणि दहा लुकलुकींना दहा सेकंद लागले, तर तासाला ३६०० लुकलुकी झाल्या; ३६०० भागिले ३२०० गुणिले १०००, पंप ११२५ वॅट खातोय.